जागता कॅमेरा की झोपाळू? मळ्याच्या राखणीसाठी एक तुलना

खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अलीकडे आमचा मळा आहे. मी बेळगावात राहतो आणि रात्री मळ्यावर कोणी नसते. राखायच्या गोष्टी दोनच आहेत. एक मोटरची तांब्याची केबल, जी माणूस कापून नेतो. आणि दुसरा ऊस, ज्यात रानडुकरे घुसतात आणि अधूनमधून भीमगडच्या रानाकडून गवेही उतरतात. हेस्कॉमची, म्हणजे इथल्या वीज कंपनीची, थ्री फेज ठरलेल्या तासांपुरतीच येते, त्यामुळे मोटरच्या खोलीवर लावायचा कॅमेरा सौर पॅनलवर आणि सिमकार्डवर चालणारा असावा लागतो, हे अशी खरेदी करू पाहणाऱ्याला ठाऊक असतेच. मेगापिक्सेल आणि मेमरी कार्ड यांविषयीही मी लिहीत नाही, कारण त्या बाबतीत दोन्ही प्रकारांत फारसा फरक मला जाणवला नाही.

पहिला प्रकार मी जागता कॅमेरा म्हणतो. तो चोवीस तास चित्र घेत राहतो आणि चित्रात माणूस किंवा जनावर दिसते का, हे स्वतःच तपासतो. दुसरा झोपाळू. त्यात एक उष्णता ओळखणारा पीआयआर सेन्सर आणि एक छोटे रडार असते. पीआयआरला काही जाणवले की तो रडारला उठवतो, रडारनेही दुजोरा दिला तरच कॅमेरा, रात्रीचे इन्फ्रारेड दिवे आणि मोडेम जागे होतात. पीआयआरला लागणारी वीज नगण्य असते, रडारला त्याहून बरीच जास्त, आणि कॅमेरा दिव्यांसह जागा झाला की हिशेब थेट वॅटमध्ये जातो. म्हणजे सर्वांत कमी खाणारा पहारेकरी सतत उभा आणि सर्वांत जास्त खाणारा शेवटी उठणार, अशी ही रचना आहे.

जागता कॅमेरा माझ्या चुलतभावाच्या मळ्यावर आहे आणि त्याचे चित्रण माझ्यापेक्षा सरस आहे, हे मोकळेपणाने मान्य करायला हवे. माणूस बांधावर दिसल्यापासूनचे सगळे त्यात सापडते. माझा कॅमेरा उठून चित्रण सुरू करेपर्यंत एक-दोन सेकंद जातात आणि पहिल्या काही महिन्यांत माझ्याकडे बहुतेक पाठमोरे चेहरे जमा झाले. दोष निम्मा माझा होता. पीआयआरला समोरून सरळ चालत येणारा उशिरा कळतो आणि आडवा जाणारा चटकन कळतो. मी कॅमेरा पायवाटेच्या तोंडावर रोखला होता. तो पायवाट आडवी जाईल असा फिरवल्यावर तक्रार बरीच कमी झाली.

जागत्या कॅमेऱ्याची खरी परीक्षा पुनर्वसू लागल्यावर होते. सरासरी दोन वॅट धरले तरी दिवसाला 48 वॅट-तास लागतात. चुलतभावाकडे 20 वॅटचे पॅनल आणि 12 व्होल्ट, 12 अँपिअर-तासाची बॅटरी आहे. चैत्रात त्याचे पॅनल गरजेहून जास्त वीज देते, पण तरण्या पावसाची झड बसली की, माझ्या अंदाजाने, दिवसाला 15 वॅट-तास मिळाले तरी पुष्कळ म्हणावे. तूट रोज 33 वॅट-तासांची आणि बॅटरीत भरलेले 144, तेव्हा चौथ्या-पाचव्या दिवशी कॅमेरा बंद पडतो आणि म्हाताऱ्या पावसात उघडीप मिळेपर्यंत बंदच राहतो. दुप्पट पॅनल आणि दुप्पट बॅटरी हा त्यावरचा उपाय आहे, तो चुकीचाही नाही. मात्र मोठे पॅनल ही चोराला दिसणारी आणखी एक वस्तू होते, याचा विचार व्हावा.

आता ज्या एका त्रासामुळे माझा निर्णय झाला, त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. या दोन्हींच्या आधी माझ्याकडे फक्त पीआयआर असलेला, त्यामानाने स्वस्त कॅमेरा होता. मोटरच्या खोलीचे पत्रे पश्चिमेकडे आहेत आणि त्यांना लागूनच ऊस आहे. दुपारभर तापलेला पत्रा आणि त्याच्यापुढे वाऱ्याने डोलणारा पाला यामुळे सेन्सरपुढची उष्णता सारखी बदलत राहते, आणि पीआयआरला बदलत्या उष्णतेखेरीज दुसरे काही कळतच नाही. ऊन कलले की फोन वाजू लागायचा. उघडून पाहावे तर पाला. पुन्हा पाला. एकदा कुत्रे, मग पुन्हा पाला. एका संध्याकाळी मी मोजायचे म्हणून बसलो आणि साठाच्या पुढे मोजणे सोडून दिले.

हा त्रास केवळ कानांचा नव्हता. कॅमेरा उठला की वीस सेकंद चित्रण करून ते पाठवतो. तेवढा वेळ तीन वॅट धरले तर एका उठण्याला 60 ज्यूल जातात. आकडा किरकोळ वाटतो, पण दिवसात तीनशे वेळा उठला की पाच वॅट-तास झाले, आणि त्या कॅमेऱ्याच्या दोन सेलमध्ये सगळे मिळून 19 वॅट-तासच होते. त्यात आमच्या शिवारात रेंज तोकडी. दूरच्या टॉवरशी बोलताना मोडेमला जास्त जोर लावावा लागतो आणि चित्रण पाठवायलाही वेळ लागतो, त्यामुळे प्रत्यक्ष खर्च याहून अधिकच असणार. शेवटी मी सूचनांचा आवाज बंद केला, आणि ज्या रात्री केबल गेली त्या रात्री फोन उशाशी होता, पण मुका. सकाळी पाहिले तर कॅमेऱ्याची बॅटरीही उतरलेली होती. विकणाऱ्याने सेन्सरची संवेदनशीलता कमी करण्याचा सल्ला दिला. तसे केल्यावर पाला दिसेनासा झाला आणि गवाही.

म्हणून माझ्या मते कॅमेरा निवडताना बॅटरी किती मोठी आहे, यापेक्षा तो विनाकारण किती वेळा उठतो हे आधी विचारावे. रडार काही वीज खाते हे खरे, परंतु माझ्याकडे ते पीआयआरने हाक मारल्यावरच क्षणभर चालते आणि खोटी हाक असेल तर कॅमेऱ्याला झोपू देते. इथे एक सावधगिरी मात्र सांगायला हवी. केवळ हालचाल ओळखणारे साधे रडार पाल्यापुढे पीआयआरइतकेच फसते. अंतर मोजणारे रडार असेल तर त्याला फरक कळतो, कारण पाला जागच्या जागी हलतो आणि माणूस अंतर कापतो. दुकानात ‘रडार आहे’ एवढ्यावर न थांबता ते अंतर सांगते का, हे विचारून घ्यावे. उलट पावसाच्या धारांनी रडार गोंधळते, तेव्हा पीआयआर सहसा शांत असतो, कारण धारा आणि त्यांच्या मागचे शिवार यांच्या तापमानात तेवढा फरक नसतो.

जागत्या कॅमेऱ्यालाही चकवे असतात. चुलतभावाच्या कॅमेऱ्यासमोर कोळ्याने जाळे विणले होते. रात्री इन्फ्रारेड दिव्यांत त्याचा एकेक धागा दोरखंडाएवढा पांढरा दिसायचा आणि त्यावरचा कोळी कॅमेऱ्याला जनावर वाटायचा. काठीला फडके बांधून तो दर आठवड्याला काच पुसतो. माझ्या कॅमेऱ्याचे दिवे हाक खरी ठरल्यावरच लागतात, त्यामुळे असल्या जाळ्याने तो विनाकारण उठल्याचे मला तरी आठवत नाही.

झोपाळू कॅमेऱ्याची एक उणीव उन्हाळ्यात जाणवते. भर दुपारी तापमान 36-37 अंशांवर गेले की माणसाचे अंग आणि आजूबाजूची जमीन जवळपास सारखीच तापलेली असते आणि पीआयआरला माणूस नीट कळत नाही. माझ्या कॅमेऱ्यात ‘दोन्ही सेन्सर’ आणि ‘कोणताही एक’ असे दोन पर्याय आहेत. दुसऱ्या पर्यायात रडारही सतत जागे राहते आणि खर्च वाढतो, म्हणून फाल्गुन ते वैशाख दुपारी ‘कोणताही एक’ आणि रात्री ‘दोन्ही’ असे वेळापत्रक मी लावले आहे; त्या दिवसांत ऊन भरपूर असल्याने पॅनलला हा भार जड जात नाही. मृगाचा पहिला पाऊस पडला की दिवसरात्र ‘दोन्ही’.

ज्यांचे घर मळ्यातच आहे आणि लाईटची सोय आहे, त्यांनी खुशाल जागता कॅमेरा घ्यावा. त्यांना वीज वाचवायची फारशी गरज नाही. गेल्या पावसाळ्यात माझा कॅमेरा एकदाही बंद पडला नाही, इतके मी सांगू शकतो. चुलतभावाने आपला काढलेला नाही, पण मोटरच्या बाजूला दुसरा लावायचा म्हणून माझ्याकडे दुकानाचा पत्ता मागितला आहे.