ट्राय बाइक की रोड बाइक? गिअर पणजीत, ब्रेक म्हापशात

गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर २०१९ मध्ये आयर्नमॅन ७०.३ ही पोहणं, सायकल आणि धावणं अशी ट्रायथलॉन शर्यत सुरू झाली आणि आमच्या फोंडा-पणजी वाटेवर पहाटे हेल्मेटं दिसायला लागली. तेव्हापासून चवथीच्या आसपास कुणी ना कुणी थांबवून विचारतोच: ट्रायथलॉनसाठीची खास ट्राय बाइक घेऊ, की नेहमीच्या वळलेल्या हँडलच्या रोड बाइकवरच भागवू? पोहणं १.९ किलोमीटर, धावणं २१.१ आणि सायकल ९०. सगळ्यात जास्त वेळ सायकलवरच जाणार, तर पैसेही तिथंच घालावेत, असा हिशेब. तो चुकीचा नाही. तोच करून मीही एक सेकंडहँड ट्राय बाइक घेतली आणि दोन हंगाम चालवली.

आधी तिचं देणं देऊन टाकतो. सपाट रस्त्यावर ताशी तीसच्या पुढे गेलं की आपली बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते, आणि वेग थोडा वाढवायचा तर ताकद कितीतरी जास्त लागते. कोपरं आत घेऊन पाठ आडवी केली की हा जाच एकदम कमी होतो. १९८९ च्या टूर द फ्रान्समध्ये शेवटच्या दिवशी साडेचोवीस किलोमीटरची टाइम ट्रायल होती, म्हणजे एकेकट्यानं घड्याळाविरुद्ध पळवायची फेरी. ग्रेग लमाँड लोराँ फिन्याँच्या ५० सेकंद मागे होता आणि अख्खी स्पर्धा ८ सेकंदांनी जिंकून गेला. लमाँडच्या सायकलला ट्रायथलॉनवाल्यांकडून आलेले एअरोबार, म्हणजे कोपरं टेकवून वाकायला हँडलवर पुढे बसवलेल्या दोन नळ्या, होते, फिन्याँच्या सायकलला नव्हते. सगळं श्रेय त्या दोन नळ्यांचं असं मी म्हणणार नाही, पण नंतर ते कुणी हसण्यावारी नेलं नाही.

रायबंदरच्या पाट्यावर मला हे पायांनी कळलं. पोर्तुगीजांनी सतराव्या शतकात बांधलेला तो जवळजवळ तीन किलोमीटरचा सरळ रस्ता, एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला मिठागरं. पहाटे वारा पडलेला असताना कोपरं पॅडवर टेकवून मान खाली घातली की रोड बाइकवर जिथं ३२ दिसायचे तिथं ३४-३५ दिसत. शिवाय ट्राय बाइकची सीट ट्यूब, म्हणजे सीटखालची नळी, जास्त उभी असल्यानं आपण पेडलच्या वर, पुढे बसतो. कंबर कमी दुमडते, आणि सायकलवरून उतरून धावायला लागलं की पहिले दोन किलोमीटर पाय लाकडासारखे वाटत नाहीत. निदान मला तरी वाटले नाहीत. त्या वर्षी सायकलनंतर लगेच धावण्याचा सरावही मी जास्त केला होता, हेही सांगायला हवं.

आता ज्या गोष्टीनं माझा निकाल लागला ती सांगतो. ट्राय बाइकवर गिअरचे शिफ्टर एअरोबारच्या टोकाला असतात आणि ब्रेक खालच्या आडव्या हँडलला, म्हणजे बेस बारला. म्हणजे गिअर पणजीत, ब्रेक म्हापशात, मधे मांडवी. वेग कमी करायचा तर हात खाली न्या, ब्रेक दाबा. वेग कमी झाला की हलका गिअर हवा, पण तो वर राहिला. एका हातानं तोल सांभाळत दुसरा वर न्या, गिअर टाका, तोवर पुढचा गतिरोधक. म्हार्दोळहून निघालं की मंगेशी, कुंडईचा उतार, भोम, बाणस्तारीचा पूल, खोर्ली, जुने गोवे. ही माझी नेहमीची वाट. एका सकाळी मोजलं, तर जुने गोवे येईपर्यंत मी २६ वेळा कोपरं उचलली होती. गतिरोधक, गुरं, शिट्टी वाजली की आहे तिथं थांबणारी बस, आणि काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेल्या स्कूटरवर नकाशा बघत चाललेले पाहुणे. एअरोबार घेतलेत ते कोपरं टेकवायला, आणि अर्धा वेळ चाललाय उठण्यात.

भोमला एकदा पोदेर, म्हणजे सायकलवरून पाव विकणारा, आडवा आला. खरं तर तो आडवा आला नाही, नेहमीप्रमाणे भोंगा वाजवत बाजूच्या एका वाटेला वळला. मी उतारानं जोरात येत होतो, हात वर. खाली नेईपर्यंत जो क्षण गेला तो मला अजून आठवतो. सायकल पावाच्या टोपलीपासून दोन हातांवर थांबली, पण गिअर सगळ्यात जड, पुढचं पेडल ढकलेना, पेडलमध्ये अडकलेलं बुटाचं क्लीट सुटेना. उभ्या उभ्या डाव्या अंगावर पडलो. त्यानं आधी टोपलीवरचं प्लास्टिक सारखं केलं, मग माझ्या हँडलकडे निरखून बघत विचारलं, "हाका ब्रेक खंय आसा?" त्यानं फुकट केलेली ही बाइक फिटिंगच (सायकल आपल्याला जुळते का ते तपासणं) म्हणायची.

इलेक्ट्रॉनिक शिफ्टिंग घेतलं तर वर-खाली दोन्हीकडे बटणं मिळतात आणि माझी अर्धी तक्रार संपते. पण त्या पैशात एक बरी रोड बाइक येते, आणि उरलेली अर्धी तक्रार ब्रेकची, ती तशीच राहते.

कुणी म्हणेल, शर्यतीच्या दिवशी रस्ता मोकळा करून देतात, तिथं कसला पोदेर? बरोबर आहे. पण शर्यत एक दिवसाची आणि सराव चार महिन्यांचा. गोव्यातली शर्यत ऑक्टोबर-नोव्हेंबरात, म्हणजे सरावाचे महिने नेमके पावसाचे. खड्ड्यात पाणी भरलं की तो चार बोटं खोल की वीतभर, ते चाक आत गेल्यावर कळतं. अशा रस्त्यावर मला बोटं ब्रेकवरच हवीत. रोड बाइकच्या हूडवर, म्हणजे ब्रेकच्या वरच्या मुठीवर, हात ठेवला की ब्रेक आणि गिअर दोन्ही बोटांखाली. घाट उतरताना तर विचारूच नका. आंबोली किंवा चोर्ला ड्रॉप्स (हँडलचा खाली वळलेला भाग) धरून उतरणं हा आनंद आहे, ट्राय बाइकवर तेच मी दात आवळून केलंय.

रविवारच्या घोळक्यातही ट्राय बाइकवाल्याला शेवटी ठेवतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. ज्याचा हात ब्रेकवर नाही त्याच्या पुढे कोण चालवणार? गंमत म्हणजे ऑलिम्पिकच्या ट्रायथलॉनमध्ये दुसऱ्याच्या मागे चिकटून, त्याच्या आडोशानं चालवायला परवानगी आहे, म्हणून तिथं सगळे रोड बाइकवरच असतात. आयर्नमॅनला ते चालत नाही, अंतर राखावं लागतं, म्हणून ट्राय बाइकचा फायदा तिथं खरा.

सध्या माझ्याकडे रोड बाइक आणि तिला क्लिप-ऑन बार, म्हणजे बोल्टनं लावता-काढता येणारे एअरोबार, आहेत. ही तडजोड आहे, हे लपवत नाही. रोड बाइकवर आपण मागे बसतो, त्यामुळे एअरोबारवर वाकलं की गुडघे पोटाला लागतात, चवथीच्या नेवऱ्यांनंतर तर हमखास. सॅडल सेंटिमीटरभर पुढे घेतल्यावर मला बरं वाटलं, पण त्याहून पुढे घेतलं तर हूडवरची बैठक बिघडते आणि मनगटं दुखतात. गिअर बदलायला कोपरं इथंही उचलावी लागतात. फरक इतकाच की हात एकदा खाली आला की ब्रेक आणि गिअर दोन्ही तिथंच सापडतात. वर्षभरात हीच सायकल ब्रेव्हेलाही, म्हणजे ठरलेल्या वेळात पुरी करायच्या लांब फेरीलाही, नेतो. २०० किलोमीटरला साडेतेरा तास असतात, तिथं एअरोची कसली घाई.

तुमच्याकडे आधीच एक रोड बाइक असेल, घरात ट्रेनर (सायकल जागेवरच चालवायचा स्टँड) असेल, आणि दरवर्षी शर्यतीत उतरायचं पक्कं असेल, तर ट्राय बाइक घ्या. मी अडवणार नाही, कदाचित हेवाच करेन. पहिलीच आणि एकच सायकल असेल तर मात्र मला दोनदा विचारा.

क्लिप-ऑन मी चवथ झाली की बसवतो आणि शर्यत झाली की काढतो. चार बोल्ट, पाच मिलिमीटरची अ‍ॅलन की, पंधरा मिनिटांचं काम. यंदा काढायला गेलो तर एक बोल्ट जागचा हलेना. एअरोबारवर वाकलं की घाम थेट स्टेमवर, म्हणजे हँडल धरणाऱ्या भागावर, ठिबकतो, त्यात आपली खारी हवा. बसवतानाच ग्रीस लावा. हे दोन्ही सायकलींना सारखंच लागू.