शुल्कसवलत की शैक्षणिक कर्ज? प्रवेशाच्या उंबरठ्यावरील कोल्हापुरातील पालकांसाठी

व्यावसायिक अभ्यासक्रमांचे प्रवेश ऐन पावसाळ्यात होतात. राधानगरी, भुदरगड किंवा शाहूवाडीकडच्या शेतकऱ्याचा ऊस तेव्हा रानात उभा असतो, मागच्या हंगामाचे बिल सोसायटीच्या पीककर्जात वळते झालेले असते आणि दुधाच्या बिलावर घर चाललेले असते. अशा वेळी प्रवेशफेरीच्या दोन-तीन दिवसांत शुल्क उभे करायचे म्हटल्यावर शासनाची सवलत मिळेपर्यंत थांबावे की सरळ बँकेचे कर्ज काढावे, हा प्रश्न घाईत सोडवला जातो. या दोन वाटांतील फरक पैशांत मोजून पाहिल्यास निर्णय बराच सोपा होतो.

आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या खुल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. तिच्यात मुलांना शिक्षण शुल्काची ५० टक्के सवलत मिळते. मुलींसाठी २०२४-२५ पासून शासनाने शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत लागू केली असून तिचा लाभ इतर मागास प्रवर्गातील मुलींनाही आहे. मात्र प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे शासनाच्या एकत्रित प्रवेशफेऱ्यांतून, झालेला असावा लागतो, व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेवर ही सवलत मिळत नाही, आणि अभिमत (केंद्राने विद्यापीठाचा दर्जा दिलेल्या संस्था) व स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठे योजनेच्या बाहेर आहेत. घराजवळचे किंवा नावाजलेले म्हणून एखादे अभिमत विद्यापीठ निवडणाऱ्या पालकांनी ही एक अट प्रवेशाआधीच तपासावी, कारण नंतर तिच्यावर उपाय नाही. कुटुंबातील दोनच अपत्यांना लाभ मिळतो, हेही ध्यानात ठेवावे.

कर्जाच्या बाजूला २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मंजूर झालेली पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजना आहे. राष्ट्रीय क्रमवारीवरून ठरवलेल्या दर्जेदार संस्थांमध्ये प्रवेश मिळाल्यास तिच्यातून तारण व जामीनदार यांशिवाय कर्ज मिळते आणि साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला केंद्र सरकार ७५ टक्के पतहमी, म्हणजे कर्ज बुडाल्यास बँकेला भरपाईची हमी, देते. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असल्यास दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर, हप्ते सुरू होईपर्यंतच्या काळात, ३ टक्के व्याजसवलत आहे. परंतु ही व्याजसवलत दुसऱ्या कोणत्याही सरकारी शिष्यवृत्तीस पात्र नसलेल्यांसाठीच आहे, त्यामुळे शुल्कसवलत आणि व्याजसवलत दोन्ही पदरात पडतील असे धरून हिशोब मांडू नये.

वर्षाला एक लाख शिक्षण शुल्क असलेला चार वर्षांचा अभियांत्रिकी अभ्यासक्रम उदाहरणादाखल घेऊ. सगळे शुल्क कर्जातून भरले, व्याजदर १० टक्के धरला आणि अभ्यासक्रमानंतर एक वर्षाने हप्ते सुरू झाले, तर पहिल्या वर्षाच्या लाखावर पाच वर्षांचे, दुसऱ्यावर चार वर्षांचे, असे मिळून सरळव्याज १,४०,००० रुपये होते. त्यातील ३ टक्क्यांचा भार सरकारने उचलला तरी वाचतात ४२,००० रुपये. मुलाने ५० टक्के शुल्कसवलत घेतली तर दोन लाख मुद्दलच कर्जात येत नाही आणि उरलेल्या दोन लाखांवर, कोणत्याही व्याजसवलतीविना, ७०,००० रुपये व्याज होते. म्हणून जिथे शुल्कसवलत मिळते तिथे ती आधी घ्यावी आणि कर्ज उरलेल्या रकमेपुरतेच काढावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मुलीच्या बाबतीत तर शिक्षण शुल्कासाठी कर्जाचा विचार करण्याचे कारणच नाही.

उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि संस्था योजनेतील मानांकनाची अट पूर्ण करत असेल, तर केंद्राच्या जुन्या व्याज अनुदान योजनेत तांत्रिक व व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी हप्ते सुरू होईपर्यंतच्या काळातील पूर्ण व्याज सरकार भरते. त्यासाठी कर्ज बँकेचेच असावे लागते. आपल्याकडे ओळखीच्या पतसंस्थेतून रक्कम लवकर हाती पडते, पण त्या कर्जाला यातील कोणतेही अनुदान नाही.

सवलतीची खरी उणीव राहण्या-खाण्याच्या खर्चात दिसते. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकेका समाजासाठी वसतिगृहे उभारली, ती गावाकडच्या मुलाचे शिक्षण शहरात राहण्याच्या खर्चापायी अडते हे ओळखूनच; त्यांच्या नावाच्या आजच्या योजनेत हा खर्च नाही. माझ्या पुतणीच्या प्रवेशावेळी शुल्क माफ होते, तरी खोलीची अनामत, खानावळ आणि महाविद्यालयाने वेगळे मागितलेले विकास शुल्क यांसाठी भावाला म्हैस विकावी लागली, आणि हे आधी कोणी सांगितले असते तर त्याने छोट्या कर्जाचा अर्ज वेळेत केला असता, याची मला आजही खंत आहे. अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजूर यांच्या पाल्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना याच खर्चासाठी आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना, उत्पन्न अडीच लाखांच्या आत असल्यास, भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते, आणि शासकीय वसतिगृहात जागा न मिळाल्यास राहण्या-खाण्यासाठी रक्कम देणाऱ्या स्वाधार योजनेचा आधार आहे. शुल्क व निर्वाह दोन्हींची सोय असल्याने त्यांनी कर्जाचा विचार सर्वांत शेवटी करावा.

कर्जाची निवड योग्य ठरते ती प्रामुख्याने राज्याबाहेरील नामांकित संस्थेत प्रवेश मिळाल्यावर, कारण तिथे राज्याची शुल्कसवलत लागू होत नाही. तेव्हा संस्थेचे नाव विद्यालक्ष्मीच्या यादीत आहे का हे पाहावे आणि वडील सहकर्जदार असतील तर त्यांच्या जुन्या थकबाकीची नोंद आधीच मिटवून घ्यावी. दोन्ही वाटांसाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरील रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यातच जमा होते. ही दोन कामे मे महिन्यातच उरकावीत, कारण जूननंतर सेतू केंद्रातील रांगा लांबतात.