आबांचा किडा: मर्लिन ॲप सात महिने वापरून

पारोळ्याकडच्या आमच्या शेतात उन्हाळ्याच्या रात्री एक आवाज यायचा. टुक्-टुक्-टुक्-टुर्रर्र. फरशीवर पडलेली गोटी उड्या मारत थांबावी तसा. शेजारचे आबा ठामपणे सांगायचे, "किडा शे भाऊ तो." वीस वर्षं मीही किडाच समजत होतो.

एप्रिलात पुतणीनं फोनमध्ये मर्लिन टाकून दिलं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं हे फुकट ॲप; आवाजावरून ओळखायची सोय त्यात २०२१ साली आली. बटण दाबलं की आवाजाचं चित्र पडद्यावर सरकू लागतं आणि त्यावरून नावं येतात. आपल्या भागातल्या पक्ष्यांच्या माहितीचा पॅक घरीच उतरवून ठेवला की शेतात रेंज नसली तरी अडत नाही.

पहिल्याच रात्री बांधावर फोन धरला. इंडियन नाइटजार, म्हणजे रातवा! विश्वास बसेना. दोन दिवसांनी गाडवाटेवर बॅटरी मारली तर धुळीत दोन डोळे लाल चमकले आणि पाचोळ्याच्या रंगाचं पाखरू आवाज न करता उडालं. आबांना सांगितलं तर म्हणाले, "मंग किडा कोठे गया?"

विहिरीवरची मोटर चालू असेल तर मात्र फोन खिशातच ठेवा. माझ्या जुन्या फोनचा माइक वाऱ्यातही बहिरा होतो. एकदा शिक्रा असं नाव आलं, वर पाहिलं तर तारेवर कोतवाल! तो शिक्र्याची हुबेहूब नक्कल करतो. मीही फसलोच होतो. म्हणून नाव आलं तरी पाखरू दिसेपर्यंत, निदान दोन-चारदा ऐकेपर्यंत, वहीत लिहीत नाही.

पिंगळा बोलला की अजून छाती धडधडते. १८८४ नंतर हरवलेला रानपिंगळा १९९७ साली आपल्याच शहाद्याजवळ सापडला ना! पण आमच्या निंबावरचा साधा ठिपकेवालाच निघतो. ॲपमधले आवाज वाजवून पक्ष्याला बोलवायचा मोह होतो, तो टाळा. विणीच्या दिवसांत बिचारा अंडी सोडून भांडायला येतो.

मृगाच्या आधी 'पेर्ते व्हा' ओरडणारा पावशा, भरदुपारी ठोके घालणारा तांबट, यांच्यासाठी आता ॲप उघडावं लागत नाही. राहिलीय ती बोरी नदीकाठच्या बाभळीतली पहाटेची बारीक शीळ. फोन काढेपर्यंत ती थांबलेली असते.