आठशे रुपयांचं ‘कूलिंग’ कव्हर: नागपूरचा उन्हाळा काढल्यानंतर

फोन कोणता ते सांगत बसत नाही, तक्रार त्याच्याबद्दल नाहीच. कव्हर जानेवारीत बर्डीवरून घेतलं, सातशे नव्याण्णवला. त्याच दुकानात दीडशेचं साधं सिलिकॉनचं टांगलेलं होतं. पण याच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘कूलिंग’ छापलेलं आणि आतून मधमाश्यांच्या पोळ्यासारखे षटकोनी खळगे. दुकानदार म्हणे, “भाऊ, याच्यातून हवा खेळते नं.”

कुठून खेळते? खळगे आरपार नाहीतच. कव्हर काढून ट्यूबलाइटसमोर धरा, कॅमेऱ्याची खिडकी सोडली तर उजेडाचा ठिपका दिसत नाही. म्हणजे फोनची पाठ आणि कव्हर यांच्यामध्ये हवा नुसती कोंडून राहते, आणि कोंडलेल्या हवेतून उष्णता प्लास्टिकपेक्षाही सावकाश जाते. गोधडीची ऊब याच तत्त्वावर चालते. शिवाय त्या खळग्यांत वर्धा रोडची सगळी धूळ. दात कोरायच्या काडीनं एकेक खळगा साफ करावा लागतो. याचे वर साडेसहाशे जास्त मोजायचे!

हिवाळ्यात मात्र नाव ठेवायला जागा नव्हती. मेट्रोच्या जिन्यावरून फोन घरंगळत गेला, ओरखडासुद्धा नाही.

एप्रिल लागला आणि स्क्रीनवर सूचना यायला लागली की तापमान जास्त असल्यामुळे चार्जिंग थांबवलं आहे. सर्व्हिस सेंटरला गेलो. टोकन घेऊन बराच वेळ बसल्यावर काउंटरवरच्या मुलानं फोनकडे न बघताच सांगितलं, “सर, कव्हर लावलं तर वॉरंटीत बसणार नाही.” कुठे लिहिलंय ते दाखवा म्हटलं, तर तो वॉरंटीचा कागद उलटसुलट करत बसला. मग म्हणे बॅटरी बदलून घ्या, पैसे लागतील. नमस्कार केला आणि निघालो.

घरी बॅटरीचं तापमान दाखवणारं ॲप टाकलं. तोच फास्ट चार्जर, तेच टेबल, कूलर चालू. कव्हर चढवलं की आकडा तीन-चार अंशांनी वर. म्हणजे वॉरंटीचं सोडा, पण कव्हरवर बोट ठेवण्यात तो मुलगा अगदीच चुकीचा नव्हता. ॲपलसुद्धा सांगते की चार्जिंग करताना फोन गरम होत असेल तर आधी कव्हर काढा. साध्या फोनला पंखा नसतो. आतली उष्णता पाठीतून आणि स्क्रीनमधूनच बाहेर पडणार.

पण मे महिन्यात मत थोडं बदललं. कव्हर काढूनही आकडा चाळिशीच्या वरच. कारण उघड आहे, उष्णता गरमाकडून थंडाकडे जाते, आणि इथे थंड आहे काय? आयफोन वापरण्यासाठी ॲपल भोवतालचं तापमान ० ते ३५ अंश सांगते. आपल्याकडे नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, बाहेर ४५, आणि गच्चीखालची खोली रात्री दहालाही भट्टी. उलट भर दुपारी फोन बंद स्क्रीननं बॅगेत असेल, तर बाहेरची हवाच त्याच्यापेक्षा गरम, तेव्हा कव्हर ती झळ थोडी उशिरा आत येऊ देतं. हे श्रेय त्याला दिलंच पाहिजे. स्कूटरच्या होल्डरवर नकाशा लावला की मात्र खेळ संपला. वरून ऊन, ब्राइटनेस पूर्ण, जीपीएस आणि डेटा चालू, आणि आतून तयार होणारी उष्णता कव्हरखाली अडकलेली. स्क्रीन आपोआप अंधारते आणि आपण चौकात हातानं सावली करून रस्ता शोधतो.

खरा फरक पडला तो जुन्या १० वॅटच्या चार्जरनं. करंट निम्मा झाला की वायर आणि बॅटरीच्या रोधात होणारी उष्णता चौथाईवर येते. पहाटे हवा त्यातल्या त्यात गार असते तेव्हा चार्ज करतो, तेही कव्हर काढून. ती सूचना पुन्हा आली नाही, खर्च शून्य. आईचा उपाय होता फ्रिजचा. तो कोणी करू नका, आत बाष्प धरून पाणी होतं.

कव्हरला पाचपैकी दोन, तेही त्या जिन्यासाठी. परत करायला गेलो होतो. दुकानदार बदलून द्यायला तयार आहे, पण नवीन मॉडेलमध्ये खळगे जास्त आहेत म्हणून वर शंभर मागतो.