त्झात्झिकी, तालातूरी की जाजिक?

दह्याच्या या तिन्ही गार पदार्थांत काकडी, लसूण आणि मीठ असतंच. खरा फरक पाण्याचा. ग्रीसच्या त्झात्झिकीतून पाणी होईल तितकं काढतात, तुर्कस्तानच्या जाजिकमध्ये ते वरून घालतात. त्यामुळे सोबत काय वाढणार, यावर निवड करा.

सुवलाकी (सळईवर भाजलेले मांसाचे तुकडे), यीरो (फिरत्या सळईवर भाजलेल्या मांसाचे काप), तळलेली झुकिनी किंवा पावाला लावून खायचं असेल, तर त्झात्झिकीच. ५०० ग्रॅम घट्ट ग्रीक दही, ३०० ग्रॅम काकडी, २ पाकळ्या लसूण, २ मोठे चमचे ऑलिव्ह तेल, १ चमचा व्हिनेगर, मीठ आणि बारीक चिरलेला शेपू. बियांचा गाभा काढून काकडी किसा, अर्धा चमचा मीठ चोळून २० मिनिटं ठेवा, मग फडक्यात घालून करकचून पिळा. कीस निम्म्यावर यायला हवा. इथे हात आखडला की तासाभरात वाटीत पाणी सुटतं आणि मग कितीही ढवळा, दाटपणा परत येत नाही. मीठ शेवटी चाखूनच घाला, कारण पिळल्यावरही काकडीत थोडं उरतं. लसूण किसून किंवा मिठासोबत ठेचून घ्या, तुकडे दाताखाली येता कामा नयेत. वाढण्याआधी दोन तास फ्रिजमध्ये मुरू द्या.

ग्रीक दह्याचे महागडे डबे आणायलाच हवेत असं नाही. सायीच्या दुधाचं १ लिटर दही फ्रिजमध्येच ५-६ तास टांगा. बाहेर टांगलं तर उन्हाळ्यात आंबतं. श्रीखंडाइतका कोरडा चक्का मात्र नको, थोडा मऊ असतानाच उतरवा. आपला शेपू उग्र असतो, चमचाभर पुरे.

लसूण फारसा सोसत नसेल तर सायप्रसची तालातूरी बरी: दाटपणा तसाच, पण लसूण कमी, शेपूऐवजी सुका पुदिना आणि व्हिनेगरऐवजी लिंबू.

पिलाफ (पुलावासारखा भात) किंवा भरलेल्या भाज्यांसोबत वाटीतून चमच्याने खायचं, तर जाजिक. साधं दही फेटून त्याच्या निम्मं गार पाणी, बारीक चिरलेली काकडी, लसूण, पुदिना. वरून तेलाचे थेंब. चक्का नको, पिळणंही नको. घाई असेल तर हेच करा.

उरलेली त्झात्झिकी दुसऱ्या दिवशी लसणाने तिखट लागते. तिच्यात पाणी घालून जाजिक करता येतं, उलटं जमत नाही.