जुन्या शिडाच्या होडीचा 'विमा': माझे १,१८,८१२ रुपये कसे गेले

आधी हिशोब मांडते, म्हणजे "गेले असतील थोडेफार" असं कोणी समजायला नको. सर्व्हेची फी ८,५०० रुपये. प्रीमियम ३८,४०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ६,९१२. फाइल चार्ज ५,०००. शिवाय दुरुस्ती पुरी झाल्यावर परत मिळणार होती ती 'हमी ठेव' ६०,०००. एकूण १,१८,८१२. बदल्यात सहा रंगीत पानांची पीडीएफ.

बनावट पॉलिसीचे किस्से आपण सगळेच ऐकतो, गाडीच्या विम्याचे तर रोज. कोणीतरी भेटतो, गोड बोलतो, क्यूआर कोड पाठवतो आणि मग फोन बंद. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी बँकेतून निवृत्त झालेली बाई, ओटीपी मागणाऱ्यांना फोनवर झापणारी. म्हणूनच अंगाचा तिळपापड होतो.

होडी २७ फुटी, फायबरची, १९८७ सालची. मी आणि नवऱ्याने मिळून ६,७५,००० रुपयांना घेतली. गोव्यात, मांडवी नदीत, बेतीच्या बाजूला मुरिंगवर (पाण्यातल्या कायमच्या नांगराला दोराने बांधून) असते. शिडं बरी आहेत, इंजिन कुरकुरतं पण चालतं. खरं दुखणं खाली. किलचे (बुडाखालच्या जड कण्याचे) बोल्ट गंजलेले, बुडाला फोड आलेले (फायबरच्या थरांत पाणी मुरलं की येतात ते), आणि डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा शेवटच्या कधी बदलल्या हे आधीच्या मालकालाही सांगता आलं नाही. हे सगळं करायचंच होतं, हळूहळू, पैसे येतील तसं.

मे २०२१ मधलं तौक्ते चक्रीवादळ ज्यांनी इथे पाहिलं, त्यांना विमा कशाला म्हणून विचारायची गरज पडणार नाही. आपली होडी बुडाली तर आपलं नशीब. पण मुरिंग तुटून ती कॅसिनोच्या फेरीबोटीवर किंवा एखाद्या बार्जवर जाऊन आदळली, तर त्यांचं नुकसान कोण भरणार?

रीतसर मार्गाने मी गेलेच नव्हते, असा शेरा कोणी मारू नका. गेले होते. एका कंपनीने होडीचं वय ऐकूनच फोन ठेवला. दुसरीने सांगितलं की होडी पाण्याबाहेर काढा, सागरी हल (होडीचा सांगाडा) तपासणारा सर्व्हेयर आणा, त्याने काढलेल्या त्रुटी दुरुस्त करा, मग बघू. ठीक आहे म्हणून यार्डात गेले. यार्डवाला म्हणाला, एवढी जुनी होडी क्रेनला लावायची तर विम्याचे कागद दाखवा, पट्ट्यात तुटली तर माझ्या गळ्यात नको. म्हणजे लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही. माणूस नेमका अशा जागी अडकलेला असतो, तेव्हाच हे लोक भेटतात. आणि ते शोधतच असतात. कोणाला कंपन्यांनी नाही म्हटलंय हे होडीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आपणच लिहितो ना! मीच लिहिलं होतं, "जुन्या होडीचा विमा कोण करतं का?" तासाभरात फोन.

फोन करणाऱ्या त्या 'एजंट'चं नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. स्वच्छ मराठी, मधूनमधून कोकणी, पहिल्या वाक्यापासून "ताई". "ताई, या कंपन्यांच्या शाखांमधल्या पोरांना शीड आणि ताडपत्री यातला फरक कळत नाही. मरीनची फाइल मुंबईला जाते. माझा तिथे माणूस आहे." यात खोटं काय वाटणार? शाखेतल्या पोराने मला खरंच विचारलं होतं की होडीचा आरटीओ कुठला.

प्रीमियम त्याने स्वस्त सांगितला नाही. सहा लाखांच्या विम्याला ४०,४०० सांगितले. फुकटात काही मिळत असतं तर मी सावध झाले असते. महाग आहे, म्हणजे खरं असणार, असा सरळ हिशोब. मग तो म्हणाला, "तुम्ही ताई आहात, माझ्या कमिशनातले दोन हजार सोडतो." ३८,४०० झाले. हे नंतर वाचलं ते इथेच सांगते: विमा कायदा, १९३८ च्या कलम ४१ प्रमाणे एजंटने अशी सूट देणं गुन्हा, आणि आपण ती घेणंही. दंड दहा लाखांपर्यंत. प्रपोजल फॉर्मवर छापलेलं असतं. सूट देतो म्हणाला की त्याला दारातूनच परत पाठवा.

आता तो सर्व्हेयर. दुपारी आला, पायात चकचकीत बूट. छोट्या होडक्यातून त्याला मुरिंगवर नेलं. डेकवर चढला, मोबाइलवर फोटो काढले, लाइफ जॅकेटं मोजली, नांगराची साखळी हलवून पाहिली, केबिनमध्ये डोकं घालून "छान ठेवलीय" म्हणाला. आतल्या फळ्या उचलल्या नाहीत. त्या फळ्यांखाली किलचे बोल्ट दिसतात, आणि त्यांच्या कडेने गंजाचे तपकिरी ओघळ आलेत, ते झाकायचे कसे या विचाराने मी आदल्या रात्री झोपले नव्हते. त्याने विचारलंच नाही. पाण्याबाहेर काढायला सांगितलं नाही. मला हायसं वाटलं! क्रेनचे पैसे वाचले म्हणून हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची मला आजही चीड येते.

आमचा मेस्त (होडीचा मिस्त्री) तेव्हा होडक्यातच बसला होता. सगळं बघून मला म्हणाला, "बाये, बूड पळयनासतना कसलो विमो?" (बूड न पाहताच कसला विमा?) मी त्याला गप्प केलं. म्हटलं, साहेबांना त्यांचं काम कळतं.

खरा सर्व्हे कसा होतो ते मी आता पाहिलंय. माणूस गुडघ्यावर बसतो. छोट्या हातोडीने बूड इंच इंच ठोकत जातो आणि कान लावतो. चांगल्या फायबरचा आवाज खणखणीत येतो, मुरलेल्या जागी बद्द. ओलावा मोजायचं यंत्र लावतो. पाण्याखालच्या भोकांवरच्या तोट्या एकेक फिरवून पाहतो. तारा जिथे डेकला बांधलेल्या असतात ते पत्रे टॉर्च मारून तपासतो. या सगळ्याला अर्धा दिवस जातो आणि शेवटी कपडे फेकून द्यायच्या लायकीचे होतात. चकचकीत बूट घालून आलेल्याला होडीवर घेऊच नका.

आणखी एक. फॉर्म भरताना फोड, बोल्ट वगैरे लिहू का, असं मी विचारलं. "कशाला ताई, लिहिलं की फाइल अडकते." भारताचा सागरी विमा कायदा १९६३ चा आहे, आणि त्यात साफ लिहिलंय की जोखमीशी संबंधित माहीत असलेली प्रत्येक महत्त्वाची गोष्ट आधी सांगायची, नाही सांगितली तर कंपनीला करार मोडता येतो. म्हणजे पॉलिसी खरी असती, तरी ती माझ्या उपयोगाची नव्हती. लपवा म्हणणारा एजंट खरा असो की खोटा, तुमचं नुकसानच करतो.

पैसे. क्यूआर कोडवर कंपनीचं नाव नव्हतं, कुठलंसं 'एंटरप्रायझेस' होतं. मी विचारलं. (विचारलं, याची नोंद घ्या.) तो म्हणाला, ते ब्रोकरचं कलेक्शन खातं आहे. बँकेत असताना मी असली शेकडो खाती पाहिलीत, कलेक्शन खाती असतात. त्याने सांगितलं ते अशक्य नव्हतं, एवढंच म्हणते. विम्याचा पैसा विमा कंपनीच्या नावानेच द्या. दुसरं कुठलंही नाव दिसलं की फोन खाली ठेवा.

पीडीएफ आली. पहिल्या पानावर लोगो, माझं नाव, होडीचं नाव, सगळं ठीक. दुसऱ्या पानावर, जिथे होडीची ठरलेली किंमत यायला हवी, तिथे 'आयडीव्ही ६,००,०००'. आयडीव्ही! स्कूटरच्या पॉलिसीवर गाडीची किंमत दाखवतात ते. आणि खाली होडीचा हल क्रमांक ज्या चौकटीत टाकला होता, तिच्या डोक्यावर बारीक अक्षरात 'चेसिस नं.'. कोणाच्या तरी स्कूटरच्या पॉलिसीवर माझी होडी चिकटवली होती. मी ते वाचलं. चष्मा लावून वाचलं. आणि मनात म्हटलं, बघा, शाखेतल्या पोरांना खरंच मरीन कळत नाही. त्यानेच आधी मला हे उत्तर देऊन ठेवलं होतं.

मग आली ती हमी ठेव. "मुंबईने दुरुस्तीची अट घातलीय. ६०,००० ठेवा, सहा महिन्यांत दुरुस्तीची बिलं दाखवली की परत." हे मला अगदी पटलं, कारण दुसऱ्या कंपनीनेही आधी दुरुस्तीचीच अट घातली होती. अशी ठेव कुठल्याही विम्यात नसते. कंपनी अट घालते, मुदत देते, जोखीम वगळते किंवा सरळ नाही म्हणते. ठेव घेत नाही. हे पाठ करून ठेवा.

मे अखेरीच्या वादळी पावसात मुरिंगचा दोर तुटला. होडी धक्क्यावर घासत राहिली, सुकाणू मोडलं, मागच्या बाजूला चीर पडून पाणी शिरलं. सुदैवाने दुसऱ्या कोणाला लागली नाही. दुरुस्तीचा खर्च १,४२,०००. क्लेमसाठी फोन केला तर पलीकडची मुलगी म्हणाली, "मॅडम, या नंबरची पॉलिसी आहे, पण ती तुमच्या नावावर नाही आणि टू-व्हीलरची आहे." हे ऐकायला मला आधी एक फोन करता आला असता, असं आता घरातला प्रत्येकजण सांगतो. ज्यांनी तेव्हा पीडीएफ उघडूनही पाहिली नाही, तेच जास्त.

इथून पुढचा भाग पैसे जाण्यापेक्षा वाईट आहे.

कंपनी म्हणाली, तो आमचा एजंट नाही, तुम्ही पोलिसांत जा. पोलीस ठाण्यात म्हणाले, यूपीआयने पैसे गेलेत ना, मग सायबरला जा. सायबरला म्हणाले, माणूस प्रत्यक्ष भेटला होता ना, होडीवर आला होता ना, मग हे सायबर कसं, ठाण्यात जा. परत ठाण्यात. तिथे दुसरे साहेब. त्यांनी कागद उलटसुलट केला आणि म्हणाले, "बाई, ही सिव्हिल मॅटर आहे." बनावट पॉलिसी, सर्व्हेयरकडे दुसऱ्याच्या नावाचा परवाना (त्याचं पुढे सांगते), आणि सिव्हिल मॅटर! एकाने तर विचारलं, या वयात शिडाची होडी कशाला हवी? हा प्रश्न एफआयआरच्या कुठल्या रकान्यात बसतो ते मला सांगावं. मी बाकावर बसून राहिले, समोर कॅरमवरून दोन शिपायांचा वाद चालला होता, आणि माझा अर्ज पेपरवेट म्हणून ठेवलेल्या कुलपाखाली होता. पोच मागितली तर शिक्का असलेला माणूस जेवायला गेलेला. बँकेने सांगितलं, व्यवहार तुम्ही स्वतः मंजूर केला आहे. एवढी वर्षं हेच वाक्य मी काउंटरच्या आतून लोकांना ऐकवलंय; बाहेरून ते कसं लागतं ते आता कळलं. १९३० वर (सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर) फोन लगेच, त्याच तासात केला तर पैसे खात्यात गोठवता येतात. मला कळलं तोवर खातं धुऊन पुसून रिकामं.

विमा लोकपालाकडे जा, असं दहा जण सांगतील. गोव्यासाठी ते कार्यालय पुण्याला आहे. पण लोकपाल विमा कंपनी आणि तिच्या मध्यस्थांविरुद्धच्या तक्रारी ऐकतात. मुळात पॉलिसीच नसेल तर तक्रार कोणाविरुद्ध? पोर्टल पॉलिसी क्रमांक मागतं. माझ्याकडे आहे तो कोणाच्या तरी स्कूटरचा.

शेवटी भाचीने, ती वकील आहे, सांगितलं की मावशी, नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली गुन्हा कुठेही घडलेला असो, ठाण्याला माहिती नोंदवावीच लागते. नाही नोंदवली तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठव. तसं रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं, सोबत न्याय संहितेतलं फसवणुकीचं कलम ३१८ लिहून. तोंडी बोलत बसू नका. कागद द्या आणि कागदावर पोच घ्या.

त्या सर्व्हेयरच्या रिपोर्टवरचा परवाना क्रमांक आयआरडीएआयच्या (विमा व्यवसायावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या) संकेतस्थळावर टाकून पाहिला. क्रमांक खरा निघाला, माणूस दुसऱ्याच राज्यातला, आणि परवाना फक्त मोटारीचा. सर्व्हेयरचा परवाना विभागवार असतो. होडीला 'मरीन हल' लागतो. हे पाहायला दोन मिनिटं लागतात. फी देण्याआधी पाहा.

होडी आता किनाऱ्यावर आहे. एका यार्डने माझ्याकडून हमीपत्र लिहून घेऊन उचलली. खऱ्या सर्व्हेयरने १८,००० घेतले आणि त्रुटींची दोन पानी यादी दिली. ती यादी जशीच्या तशी एका कंपनीला दिली, काही न लपवता. त्यांनी होडी यार्डात उभी असेपर्यंतचाच विमा दिला. किलचे बोल्ट आणि तारा बदलून पुन्हा रिपोर्ट आणा, मग पाण्यातला बघू, असं लिहून दिलंय.

त्याच माणसाकडून 'विमा' काढलेले आणखी दोघे सापडलेत. त्यांतल्या एका काकांचे २,०५,००० गेलेत आणि त्यांनी घरी सांगितलेलं नाही. काका, बुधवारी आम्ही एसपी ऑफिसला जातोय. तिघांचे अर्ज एकत्र गेले तर सिव्हिल मॅटर म्हणणं त्यांना जड जाईल. तुमचं नाव मी कुठे घेतलेलं नाही, घेणारही नाही. फक्त त्या पीडीएफची प्रिंट आणि बँकेचं स्टेटमेंट घेऊन या.