गल्पर ईल आणि स्नाइप ईल : जबड्याच्या दोन तऱ्हा

खोल समुद्रातले हे दोन्ही वाम माशांचे भाऊबंद पारदर्शक, पानासारख्या चपट्या अळीच्या रूपात आयुष्य सुरू करतात. पण त्यांची भक्ष्य धरण्याची रीत अगदी वेगळी आहे. साधारण 500 ते 3000 मीटर खोलीवर आढळणारा गल्पर ईल सैल जबडा पिशवीसारखा फुगवून कोळंबीवर्गीय जीव पाण्यासकट तोंडात घेतो आणि पाणी कल्ल्यांवाटे सोडून देतो.

स्नाइप ईल मला त्याहूनही विलक्षण वाटतो. त्याची चोच टोकांशी बाहेर वळलेली असल्याने कधी पूर्ण मिटतच नाही, आणि तिच्यातल्या बारीक, मागे झुकलेल्या दातांत कोळंबीच्या लांब मिशा अडकतात. दोऱ्यासारख्या या देहात 750 हून अधिक मणके असू शकतात. गुदद्वार तर चक्क गळ्यापाशी असते.